समोरच्या टेकडीवरचा धूर

डोंगरावर डिश लावणं म्हणजे गच्चीवर टीव्हीची छत्री फिरवण्यासारखंच काहीतरी असेल, असं मी धरून चाललो होतो. एक जण वर छत्री फिरवतो, दुसरा खालून "आलं, आलं, गेलं" म्हणून ओरडतो आणि काम होतं. इथे ओरडणारा माणूस पंधरा-सोळा किलोमीटर लांब दुसऱ्या डोंगरावर असतो आणि त्याच्याही समोर एक डिश असते, फरक एवढाच. हा 'एवढाच' माझ्या बायकोचा. ती अमरावतीला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि जगातल्या बहुतेक अवघड गोष्टी तिच्या लेखी एवढ्याच असतात.

मी वकील. आमच्या घरात आजोबांपर्यंत भिक्षुकी होती. मी काळा कोट चढवला, पण अपशकुनाची भीती काही कोटाखाली झाकली गेली नाही. कुठलाही करारनामा हातात आला की मी आधी शेवटची कलमं वाचतो, म्हणजे काही विपरीत घडलं तर काय, ती. बायको पहिलं पान वाचते आणि सही करते. अशा बाईच्या नादी लागून मी त्या हौशी मंडळात शिरलो.

मंडळ म्हणजे रविवारी दुसरा उद्योग नसलेली आठ-दहा माणसं. सातपुड्याच्या आत एक वस्ती आहे, तिथे मोबाइलला रेंज नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना अँब्युलन्स बोलवायची तर धार चढून वर जावं लागतं, आणि तिथेही फोन लागला तर लागला. हिवरखेडला मात्र इंटरनेट धो धो. ते हिवरखेडहून पहिल्या टेकडीवर, तिथून हवेतून दुसऱ्या टेकडीवर आणि मग खाली वस्तीत न्यायचं, असा आमचा बेत होता. दोन टेकड्यांमधला हवेतला टप्पा जमतो का, हे आधी तपासायचं होतं. वनखात्याची परवानगी होती. अंधाराच्या आत खाली उतरायचं, ही त्यातली अट मी तीनदा वाचली होती.

या कामात एक नियम फार कडक असतो. डिशमधून निघणारा झोत अरुंद असतो, त्यामुळे जुळणी सुटली तर एकाच टोकाने हलायचं. दुसऱ्याने डिशला बोट लावायचं नाही. जत्रेत चुकामूक झाली की एकाने जागा सोडायची नसते, तसंच. दोघंही शोधत सुटले तर जत्रा उठेपर्यंत भेट होत नाही. हे मला बायकोनेच समजावलं होतं, तेही स्वयंपाकघरात, एका हातात चाळणी आणि दुसऱ्या हातात झाकण धरून.

मार्च सरत आला होता. दुसरी टेकडी चढायला कठीण म्हणून ती तिने घेतली. सोबतीला वस्तीतले एक पोक्त गृहस्थ होते. माझ्याकडे हिवरखेडजवळची सोपी टेकडी आली. माझ्याबरोबर गावातला एक भाजीपाला पिकवणारा माळी होता, जीपही त्याचीच. सागाची पानं गळून गेली होती आणि पायाखाली घोट्याएवढा पाचोळा कुरकुरत होता. सकाळी जुळणी झटकन झाली. त्याच लिंकवरून मोबाइलवर आमचं बोलणंही सुरू झालं. एवढ्या लांबून तिचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला आणि मला म्हणाला की डबा खाऊन घ्या, वांग्याची भाजी उन्हात टिकणार नाही.

दुपारी एक वावटळ आली. माती, पानं, आमची टोपी, सगळं गरगरत वर गेलं आणि माझ्या बाजूची डिश खांबावर फिरली. फोन मुका झाला. घाबरण्याचं काही नव्हतं. माझी डिश फिरली होती, म्हणजे मी शोधायचं आणि तिने थांबायचं. मी पाना घेतला, नट सैल केले आणि हळूहळू डिश वळवायला लागलो. तेवढ्यात माळी म्हणाला, "वकीलसायेब, तिकळे पायजा."

समोरच्या टेकडीच्या पायथ्याशी धूर होता.

आधी तो चुलीच्या धुरासारखा बारीक दिसला. मी दुर्बीण लावेपर्यंत तो रुंद झाला होता. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते, हे मला ठाऊक होतं. कुठे वाचलं होतं ते आठवेना, पण अशा गोष्टी मी विसरत नाही. माझी बायको वर माथ्यावर होती. टेकडीचं पोट पुढे आलेलं, म्हणजे पायथ्याचं तिला काही दिसत नसणार. ती डिशपाशी शहाण्यासारखी बसून माझी वाट बघत असणार, कारण नियम तसा होता.

माझ्या फोनला वर जेमतेम रेंज होती. वनखात्याच्या चौकीत फोन लागला. माणसं निघालीत म्हणाले, नेमकी जागा विचारली. समोरच्या टेकडीचा पायथा, असं मी शपथेवर सांगावं तसं ठामपणे सांगितलं. तिच्या फोनला मात्र रेंजच नव्हती. तिच्यापर्यंत पोचायला जगात एकच वाट होती, आणि ती माझ्या हातातल्या त्या डिशमधून जात होती.

मी डिश डावीकडून उजवीकडे नेली. मग किंचित वर करून उजवीकडून डावीकडे. मोबाइलच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा येईना. एरवी पाच-दहा मिनिटांचं काम. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा काही नाही. पाना नटवर नीट बसेना. आता वाऱ्याबरोबर जळक्या पाल्याचा वास यायला लागला होता. माळी म्हणाला की खाली उतरू, जीप काढू. पण त्या टेकडीकडे रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा. संध्याकाळ झाली असती. मी नाही म्हणालो. तो बिचारा जीप सोडून माझ्यापाशी थांबला आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत राहिला.

समोरून काहीच येत नाही याचा अर्थ एकच होता. तिच्या बाजूला काही उरलं नव्हतं. मी मोटार अपघाताच्या केसेस चालवतो. माणूस गेल्यावर त्याचं कागदावर काय होतं हे मला पाठ आहे. त्या टेकडीवर, भर उन्हात, माझं डोकं आपोआप त्या भाषेत चालायला लागलं. मयत इसमाचं वय. मयताचा व्यवसाय, अध्यापन. मयताशी नातं, पती. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, तरी ती वाक्यं थांबेनात.

मग घामाने पाना हातातून निसटला. कड्यावरून टणटणत खाली गेला. नट अर्धवट सैल राहिले होते आणि आता डिश ना फिरवता येत होती ना घट्ट करता येत होती. ती हलू नये म्हणून मी तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसलो. आणि रडलो. माळ्यासमोर, मोठ्याने रडलो. याची मला आजही लाज वाटत नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. फोनमधून खरखर आली आणि मग तिचा आवाज. कॉलेजात पुस्तकासारखं बोलणारी माझी बायको माहेरच्या बोलीत ओरडत होती. "अहो, तुमी पयले खाली उतरा. तुमच्या टेकडीच्या खालीच आग लागून राहिली."

मला कळेना. मी म्हणालो, माझ्या नाही, तुझ्या टेकडीखाली. ती म्हणाली, तुमच्या. असं आम्ही दोन-तीनदा म्हणालो असू. शेवटी तिच्या बाजूने त्या वस्तीतल्या गृहस्थांचा शांत आवाज आला की आग मधल्या नाल्यात आहे, दोन्हीकडून पाहिलं तर समोरच्याचीच वाटते.

तिने धूर माझ्याही आधी पाहिला होता. माझ्याकडून काहीच येत नाही, म्हणजे मला काही झालं, असं समजून तिने स्वतःची डिश फिरवायला सुरुवात केली होती. इकडे मी फिरवत होतो, तिकडे ती. नियम शिकवणारी आणि शिकणारा, दोघंही एकमेकांच्या जिवासाठी एकमेकांना हुकवत बसलो होतो. माझा पाना पडला म्हणून मी थांबलो आणि म्हणून तिला मी सापडलो.

पण सापडून काय उपयोग? वारा फिरला तर ती आग कुठल्याही टेकडीवर चढली असती. दोघांनी आपापल्या मागच्या बाजूने ताबडतोब उतरणं भाग होतं, आणि डिशपासून लांब गेलं की बोलणं संपणार होतं. ती म्हणाली तुम्ही आधी, मी म्हणालो तू आधी. फोन बंद करायला दोघांचंही बोट धजेना. अखेर तो तसाच चालू ठेवून दोघं एकदम उठलो. माझ्या कानात तिच्या पायाखालचा पाचोळा वाजत होता. थोडं उतरल्यावर तो वाजायचा थांबला.

हिवरखेडच्या हॉटेलात मी चहावर चहा मागवले आणि एकही प्यायलो नाही. चौकीतून कळलं की आग नाल्यातच अडवली. मी ऐकलं, पण माझा विश्वास बसला नाही. दिवेलागणीच्या सुमारास वस्तीकडची एक जीप येऊन थांबली. बायको उतरली. तोंड धुळीने माखलेलं, एका चपलेचा पट्टा तुटलेला. मला वाटलं आता काहीतरी टोचून बोलेल. तिने माळ्याला नमस्कार केला आणि आमच्या गाडीपाशी गेली. हायवेवर मला धडकी भरते म्हणून गाडी नेहमी तीच चालवते. आज ती दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. "तुम्ही चालवा," म्हणाली.

अकोटच्या पुढे गेल्यावर ती बोलली. "मले वाटलं तुमी गेले." आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागली.

मी गाडी कडेला घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला भिताना मी कधी पाहिलं नव्हतं. घरातलं भिण्याचं खातं माझ्याकडे, निभावण्याचं तिच्याकडे, आणि ती निभावते म्हणूनच मला मनसोक्त भिता येत होतं. आता तीच भ्याली होती आणि पाठीशी कुणीच नाही असं मला वाटलं. डोंगरावर वाटली नाही इतकी भीती त्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर वाटली. बाजूने ट्रक जात होते.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं की नर्सबाईंचं काम तर अर्धवटच राहिलं, पुन्हा जायचं का? असं तिने मला कधी विचारलं नव्हतं. ती ठरवायची, मी कुरकुर करत मागून जायचो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाही म्हणालो असतो तर तिने त्या रात्री मानलं असतं, आणि पुढे बहुधा सगळ्याच गोष्टींत मानत गेली असती.

"जाऊ," मी म्हणालो, आणि गाडी सुरू करायला हात पुढे केला. किल्ली फिरवायला मला दोन्ही हात लागले.