शेवाळाचे फोटो काढणारी मृणाल

अजयचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जाणाऱ्या बसमध्ये होते. बाहेर अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडचा नेहमीचा बारीक पाऊस, काचांवर आतून वाफ धरलेली. "मृणाल गेली," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मराठी मंडळाच्या ग्रुपवर तू टाकशील का? मला टाइप करता येत नाहीये." मी दोन ओळी टाकल्या. माझा स्टॉप येईपर्यंत जोडलेल्या हातांच्या चित्रांनी स्क्रीन भरून गेली होती, आणि त्या हातांच्या मधोमध कुणीतरी, वर काय आलंय ते न बघताच, शनिवारच्या पॉटलकच्या जेवणाला भात कोण आणतंय म्हणून विचारलं होतं. मी बसमधून उतरले आणि ऑफिसात न जाता तिथेच बाकावर बसून राहिले. ती जाणार हे आम्हाला माहीत होतं. माहीत असल्याचा काहीही उपयोग होत नाही, हे मला तिथे कळलं.

मृणालची नि माझी ओळख झाली ती आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या कपडे धुण्याच्या खोलीत. सगळ्या बिल्डिंगला मिळून चार मशिन्स होती आणि भिंतीशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीवर बसून एक बाई फोनकडे बघत रडत होती. आवाज न करता, ओघळलेलं पाणी पुसायचंही विसरून. फोनमधून कुणाचं तरी मराठी बोलणं ऐकू येत होतं म्हणून मी विचारलं, "काही वाईट बातमी आहे का?" तिनं घाईघाईनं डोळे पुसले. "नाही हो. चांगल्याच बातम्या आहेत सगळ्या." तिच्या वर्गातली एक मुलगी बँकेत मॅनेजर झाली होती, दुसरीनं घराची वास्तुशांत केली होती, तिसरी नवऱ्याबरोबर कुठल्याशा बेटावर होती. "सगळ्यांचं काही ना काही चालू आहे यार," ती म्हणाली. "माझं फक्त हे मशीन चालू आहे."

ती नागपूरची. तिथे एका बँकेत कर्जाच्या काउंटरवर होती, आणि तिच्या सांगण्यानुसार तिच्यासमोर बसलेला माणूस 'नाही' ऐकूनसुद्धा चहा पिऊन हसत उठायचा. अजयबरोबर इकडे आली ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. मुलगी रेवा शाळेत, नवरा ऑफिसात, आणि ही घरात फोन घेऊन. त्या काळात ती कुणाकुणाकडून काढून घेतलेले स्वतःचेही फोटो खूप टाकायची. ट्यूलिपच्या शेतात पिवळा कुर्ता घालून, कुणाच्या तरी मोठ्या घराच्या डेकवर कॉफीचा मग धरून, पहिल्या बर्फात हात पसरून. खाली नागपूरच्या मैत्रिणींचं, 'मजा आहे बाई तुझी!' मग दिवसभर ती किती हार्ट आले ते मोजायची, कुणी बघूनही दिलं नाही ते शोधायची आणि संध्याकाळपर्यंत रेवावर ओरडायला लागायची. एकदा मला तो ट्यूलिपचा फोटो दाखवून म्हणाली, "सगळ्यांना वाटते माझी मजा चालू आहे. मी सोडून."

मग एक दिवस तिनं सगळी अकाउंट्स काढून टाकली, फोनमधले स्वतःचे फोटोही पुसून टाकले. वाटलं होतं बरं वाटेल, पण उलटंच झालं. इथे ओळखीची माणसं थोडी, तीही आठवडाभर कामात. तिकडच्या बातम्या त्या फोनमधूनच यायच्या, त्याही थांबल्या. नागपूरहून आई काळजीनं विचारायला लागली, "फोटो नाही, काही नाही. तुमचं भांडण झालं का?" त्या हिवाळ्यात मृणाल फार खचली होती. मी दार वाजवलं की ती उघडायची, आत घ्यायची, चहा करायची, आणि चहा करून झाल्यावर मी तिथे आहे हेच विसरून जायची.

शेवाळ सापडलं ते त्याच हिवाळ्यात. रेवाच्या स्कूल बसची वाट बघत ती छत्री धरून पार्किंगच्या कडेला उभी होती. तिथे एक कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर हात टेकला तर हाताला मऊ लागलं. तिनं फोन अगदी जवळ नेला, जवळजवळ टेकवलाच, आणि फोटो काढला. ती तशीच माझ्याकडे आली, रेवाला घेऊन, दोघींच्या बुटांचं पाणी माझ्या कार्पेटवर. "हे काय आहे सांग." स्क्रीनवर उंचच उंच हिरवी झाडं होती, टोकांना पाण्याचे दिवे लागलेले. मी म्हटलं, "जंगल आहे. कुठलं?" "आपल्या पार्किंगची भिंत!" असं म्हणून ती हसली. मी तिला तोवर असं हसताना पाहिलं नव्हतं. रेवा मागून म्हणाली, "मावशी, शी वॉज टॉकिंग टू द वॉल."

मृणालनं नवीन अकाउंट उघडलं. त्यावर नाव नाही, चेहरा नाही, ओळखीचं एकही माणूस नाही. फक्त शेवाळ. भिंतीवरचं, छपरावरचं, पडलेल्या झाडाच्या बुंध्यावरचं, कुणाच्या तरी जुन्या गाडीच्या खिडकीच्या रबरावरचं. आणि जगात शेवाळाचे फोटो काढणारी आणखी माणसं आहेत असं निघालं! थोडीच, पण आहेत. त्यातली एक आयर्लंडमधल्या कुठल्याशा गावातली म्हातारी बाई. ती तिच्या अंगणातल्या दगडांचे फोटो टाकायची आणि मृणालच्या फोटोंखाली काहीतरी गमतीचं लिहायची. 'आज तुमचं शेवाळ प्यायलेलं दिसतंय.' मृणाल उत्तर द्यायची, 'सकाळपासून थांबवतेय, ऐकत नाही.' नुसतं हार्ट दाबून पुढे जायचं नाही, दोन वाक्यं तरी लिहायचीच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्या बाईला ती 'माझी आयर्लंडची आजी' म्हणायची. दोघींनी एकमेकींचं खरं नावही कधी विचारलं नाही.

तेच फोटो ती आईला वेगळे पाठवायची. मे महिन्यात, नागपूर भट्टीसारखं तापलेलं असताना, आई कूलरसमोर बसून ते बघायची. "जीव थंड होते गं पाहून," असं एकदा व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली. "हिचं तिकडे काय चाललं असते मला समजत नाही. पण हिरवं पाहिलं की वाटते, ठीक आहे पोरगी."

एकदा मीच कुरकुरत होते. माझ्या नणंदेच्या किचनचे फोटो बघून आठवडाभर माझं डोकं फिरलं होतं. मृणालनं माझा फोन हातात घेतला, माझ्या शेजारी बसली आणि एकेक नाव दाखवून विचारायला लागली, "हिला पाहून तुला बरं वाटते?" मी म्हणाले, "अगं, माझी नणंद आहे ती." "नणंदेला फोन कर ना मग. तिचं किचन कशाला पाहते?" असं करत करत तिनं निम्म्याहून जास्त माणसं माझ्या नजरेआड केली. लाइक्सचे आकडेच दिसणार नाहीत अशी सोय कुठे आहे ते शोधून काढलं. "फोटो टाकला की फोन डाळीच्या कपाटात ठेवायचा," ती म्हणाली, "आणि कुकर लावायचा. तीन शिट्ट्या होईपर्यंत हात लावायचा नाही." स्वतः ती हे खरोखरच करायची. लोक म्हणतात या ॲप्सनी माणसं दुःखी होतात, एकटी पडतात. पडतातच. मी तिला तसं पडलेलं पाहिलं होतं. पण त्याच फोनमधून आनंद काढायलाही ती माझ्या डोळ्यांसमोर शिकली, कुणी न शिकवता. म्हणूनच जे झालं ते मला अजून गिळता येत नाही.

पोट दुखायचं तिचं. ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणत उन्हाळा गेला. पानं गळायच्या सुमाराला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि डॉक्टर इतक्या हळू आवाजात बोलत होते की अजयला पुन्हा विचारावं लागलं. आईच्या व्हिसासाठी तारीख मिळेना. केमो सुरू झाली. हॉस्पिटलच्या वाऱ्या, ग्रुपवर डब्यांच्या पाळ्या, घरात औषधांचा वास... आणि या सगळ्यात तिचे शेवाळाचे फोटो चालूच. एकदा मी विचारलं, "तुझ्या आयर्लंडच्या आजीला सांगितलंस का?" तिनं मान हलवली. "तिथे मी आजारी नाहीये. तेवढी एक जागा राहू दे."

चालणं कमी झालं तसं मी तिला शनिवारी गाडीतून नदीकाठच्या पार्कमध्ये न्यायला लागले. व्हीलचेअर झाडापाशी उभी करायची, ती वाकून फोटो काढायची. मग वाकवेना. मग मी काढायचे आणि तिला दाखवायचे. "हे काय," ती म्हणाली, "पासपोर्टसाठी काढलाय का शेवाळाचा? जवळ जा. अजून जवळ. त्याला लाजायचं काय?" मी चिखलात गुडघे टेकून काढायचे, तरी तिला पसंत पडायचा नाही. शेवटच्या वेळी तिनं फोन मागून घेतला. हात इतका थरथरत होता की मला बघवेना. फोटोत काहीच नव्हतं, नुसता हिरवा रंग फरफटलेला. मी म्हणाले, "दुसरा काढ." ती म्हणाली, "हाच टाकते." घरी पोचेपर्यंत आयर्लंडहून उत्तर आलं होतं. 'आज तुमच्याकडे वारा फार दिसतोय?' मृणाल ते वाचून खूप वेळ हसली, हसता हसता तिला ठसका लागला, मग तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'हो. आज फारच वारा आहे.'

त्यानंतर ती बाहेर पडली नाही.

फ्युनरल होमच्या हॉलमध्ये अंत्यदर्शनाच्या वेळी समोर लावायला तिचा फोटो हवा होता. अजयनं तिचा फोन उघडला, रेवाला पासकोड माहीत होता. बापलेक सोफ्यावर शेजारी बसून बोटानं फोटो वर वर सरकवत राहिले. हिरवं, हिरवं, हिरवं... मधूनच रेवाचा वाढदिवस, मधूनच कुठलंसं बिल, पुन्हा हिरवं. मृणाल कुठेच नाही. अजय मला म्हणाला, "एवढ्या वर्षांत मी हिचा एक फोटो काढला नाही का गं?" रेवा म्हणाली, "बाबा, स्टॉप. प्लीज स्टॉप." शेवटी कुणाच्या तरी डोहाळजेवणाच्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढली. मोठा केल्यावर चेहरा फुटला, डोळे नीट दिसेनात. खांद्यावर कुणा दुसरीच्या हाताची बोटं राहून गेली होती.

मृणालच्या आईनं सगळं नागपुरात बसून फोनवर पाहिलं. मी फोन धरून उभी होते. हात स्थिर ठेवायचा एवढंच काम होतं मला. अजयनं दाहिनीचं बटण दाबलं तेव्हा तिकडून आई म्हणाली, "जरा जवळ ने ना फोन. मला दिसून नाही राहिली ती." मी जवळ नेला. तोवर दार बंद झालं होतं.

त्या आठवड्यात मंडळातल्या ज्या त्या बाईनं मृणालबरोबरचा आपला सेल्फी शोधून टाकला. मोठमोठे मजकूर लिहिले, खाली शेकडो रडके चेहरे आले. त्यांचंही दुःख खरंच असेल. मला मात्र ते बघवलं नाही.

आयर्लंडच्या बाईला मीच कळवलं. तिचं दोनदा विचारून झालं होतं, 'बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत.' अजय म्हणाला, "तू लिही. मला ती कोण हेही माहीत नाही." मी मृणालच्याच अकाउंटवरून साध्या इंग्रजीत सगळं लिहिलं. आजाराचंही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एकच ओळ. 'मला खरंच वाराच वाटला होता.' त्यानंतर ती काही लिहीत नाही. तिनंही फोटो टाकलेले नाहीत.

मी मृणालसारखं करून बघतेय. माझ्या फोनमध्ये आता मोजकी माणसं आहेत, आकडे दिसत नाहीत, सगळं तिनं करून दिलेलं तसंच आहे. पण उघडलं की कशाला उघडलं ते कळत नाही. शेवाळाकडेही मुद्दाम जाऊन बघते. मला ते फक्त ओलं दिसतं.

परवा तिच्या आईचा फोन आला. नागपुरात ऊन सुरू झालंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "एखादा फोटो पाठवशील का गं, तिकडचा? पाठवायची ना ती." मी दुपारी ऑफिसमधून निघून नदीकाठी गेले. एका आडव्या पडलेल्या झाडापाशी गुडघे टेकले, शक्य तितकी जवळ गेले, श्वास धरून बरेच फोटो काढले. त्यातला सगळ्यांत चांगला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. त्यांनी तो लगेच पाहिला. मग स्क्रीनवर त्या लिहितायत असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. मी झाडाशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

'छान आहे बेटा. पण हा तिचा नाही. नको पाठवू आता.'