गोठ्यात टांगलेला पट्टा

देवीनं माझ्या घरावरची नजर काढून घेतली, असं मला त्या वर्षी वाटायला लागलं होतं. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या तेरा वर्षांच्या चंद्रकलेच्या पाठीचा कणा एका अंगाला वाकत चालला होता. हैदराबादच्या डॉक्टरांनी तिला कमरेपासून काखेपर्यंतचा पट्टा करून दिला, जाड चामड्याचा, आत लोखंडाच्या पट्ट्या. पाठ सरळ होईलच असं नाही, पण अंगाची वाढ थांबेपर्यंत रात्रंदिवस घातला तर आणखी वाकणार नाही; नाहीतर पुढे श्वासालाही जड जाईल, असं त्यांनी बजावलं होतं.

आमचं पेडगावचं साधं शेतकरी घर, पण नवरात्रात मी फार कडक. चामडं घटाजवळ कसं न्यायचं? घट बसला त्या सकाळी मी पट्टा काढून गोठ्यात खुंटीला टांगला. मी उपास धरले, अनवाणी राहिले आणि देवीपाशी त्याच पाठीसाठी पदर पसरत राहिले. इतकी मी शहाणी!

सहाव्या माळेला चंद्रकलेला बसवेना. भिंतीला टेकवलं तरी ती डावीकडे कलायची. तेवढ्यात दारात संबळ वाजला. कुणी अनोळखी म्हातारा गोंधळी होता.

"बाबा, आत या," मी म्हटलं. "माझ्या पोरीसाठी घटापुढं वाजवा."

वाजवून झाल्यावर त्यानं विचारलं, "काय झालंय लेकराला?" मी सगळं सांगितलं, गोठ्यातल्या पट्ट्यासकट.

तो संबळावर हात ठेवून म्हणाला, "माय, हे बी चामडंच हाय. तूच आत बोलावलंस न्हवं? आईला चालायलंय की."

मला लाजेनं मान वर करवेना. मी उठून गोठ्यात धावले. घामानं भिजलेलं चामडं वाळून कडक झालं होतं. म्हाताऱ्यानं तेल मागून घेतलं, पट्ट्याचे बंद चोळून मऊ केले, आणि मी घटापुढेच तो पोरीच्या अंगावर आवळला.

"माय, देवी रागवणार न्हाई ना?" चंद्रकलेनं हळूच विचारलं. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

जोगवा घेऊन तो गेला. पुढे मी मानवतपर्यंत चौकशी केली, पण असा गोंधळी कुणाच्या माहितीत नव्हता. कोण होता, याचा मी आता फार विचार करत नाही.

पट्टा उतरायला तीन वर्षं लागली. पाठ थोडी वाकडी राहिली, पण तिथंच थांबली. मी जे मागत होते ते देवीनं आधीच धाडलं होतं, आणि मीच ते गोठ्यात टांगून ठेवलं होतं. तिनं कोणत्या रूपानं यावं, हे ठरवणं मी तेव्हापासून सोडलं. अजूनही नवरात्रात घटाशेजारी तो जुना पट्टा ठेवते. घटाला कुंकू लावते, मग त्याला.