बदलीचा थर्मोस्टॅट

मीरासाहेब मिस्त्रीचं गॅरेज चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक खड्डा. मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. इकडची हाक तिकडे जायची आणि तिकडच्या फोडणीचा वास इकडे यायचा.

मिस्त्री हाताचा चांगला, पण जिभेचा भारी आळशी. एकदा जिभेला वळण पडलं की मोडायचं नाही. पहिली बायको मदिना होती तेव्हा दिवसभर हाक चाललेली, "मदिने, च्या टाक." बायकोला चारचौघांत नावानं हाक मारतो म्हणून म्हातारी माणसं नाकं मुरडायची. मिस्त्रीला त्याचं काही नव्हतं. मदिना होतीच तशी बोलकी, हसरी. बासष्ट साली बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. मागे राहिली तान्हेपणातून नुकतीच उठलेली जैतून.

वर्ष सरायच्या आत सासऱ्यानं धाकटी मुलगी शहाजादी मिस्त्रीला दिली. पोरीला परकी सावत्र आई येण्यापेक्षा सख्खी मावशी बरी, असं सगळ्यांना पटलं. शहाजादीला कुणी विचारलं नाही. शेजारच्या केसरबाईचा नवरा तेव्हा कंपनीत बदली कामगार होता. पक्का माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी हा उभा राहायचा. निकाहाच्या दिवशी केसरबाई चेष्टेनं म्हणाली, "म्हंजी ही बी बदलीवरच आली म्हनायची." बायका हसल्या. नवरी पण हसली, पण तो शब्द तिच्या काळजात रुतला तो रुतलाच.

जैतून तिला खाला म्हणायची. मावशीला खाला म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? त्याचं तिला वाईट वाटलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात गॅरेजातून हाक आली, "मदिने, च्या टाक." हाक मारली आणि मिस्त्री चपापला. हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. आतून शहाजादी म्हणाली, "आले."

तिथंच घोळ झाला. ती गप्प बसली असती तर मिस्त्रीला कदाचित आपली चूक सुधारावी लागली असती. पण हाकेला ओ मिळाली, चहाही आला. पुढं चपापणं संपलं आणि हाक तेवढी राहिली. ह्या घरात आपल्या नावानं एकदा हाक यावी, एवढंच शहाजादीला हवं होतं. पाटल्या मागितल्या असत्या तर मिस्त्रीनं पोटाला चिमटा घेऊन केल्या असत्या. हे मागायचं कसं, ते तिला कधी उमगलं नाही.

अशात थेरगावच्या हिंदुराव पाटलांची लाल गाडी गॅरेजात आली. पाटलांची जमीन कारखान्यात गेली होती, आणि मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ही विलायती गाडी घेतली होती. बसायला दोनच जागा, वर कापडी टप, आणि आवाज असा की रस्त्याकडेच्या म्हशी दावं तोडून पळायच्या. ही राणीसरकार तळेगावच्या पुढं गेली की उकळायची. मिस्त्रीनं उघडून पाहिली तर थर्मोस्टॅट अडकलेला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं दार. पाणी पुरतं तापेपर्यंत ते मिटलेलं असतं, तापलं की आपसूक उघडतं आणि पाण्याला रेडिएटरात गार व्हायला सोडतं. ह्या गाडीचं दार मिटलं ते मिटलंच होतं.

तेव्हा सगळ्या मिस्त्र्यांची एकच रीत होती. आपल्या उन्हात ह्याचं काय काम, म्हणून थर्मोस्टॅट काढून भिरकावून द्यायचा. मीरासाहेबानंही तेच केलं. मग थंडी पडली आणि इंजिन तापेना. गाडी गचके खाऊ लागली, पेट्रोल ढोसू लागली. नवा तुकडा विलायतेहून आणणार कोण? शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिस्त्रीला एका देशी मोटारीचा थर्मोस्टॅट मिळाला. मापानं किंचित मोठा. त्यानं कानस घेऊन कडा उतरवली, पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं, आणि बसवण्याआधी तपासावा म्हणून तुकडा घेऊन घरात गेला.

चुलीवर चहाचं आधण होतं. मिस्त्रीनं त्यात तो पितळी तुकडा दोऱ्यानं सोडला.

"च्यात काय घातलंत हे?" शहाजादी म्हणाली.

"दार हाय. पानी तापलं की उघडतंय. बघ तू."

दोघं पातेल्यावर वाकून बसली. पाण्याला बुडबुडे आले आणि तुकड्याच्या मधली चकती हळूहळू वर उचलली गेली. कुणी हात लावला नव्हता. शहाजादी पोरीसारखी हसली. मिस्त्रीही हसला. लग्न झाल्यापासून दोघं अशी शेजारी कधी बसली नव्हती. ते आधण तिनं ओतून दिलं, पण मनातून ती फार सुखावली होती.

दुसऱ्या दिवशी पाटील गाडी पळवून आले आणि खुशीत टायरावर बसले. "मिस्त्री, ओरिजिनल हाय का?"

"बदली हाय, पाटील. काम भागंल. पन ओरिजिनल ते ओरिजिनल."

शहाजादी चहाचे कप घेऊन त्याच वेळी दारात आली होती. तिनं कप ठेवले आणि आत गेली. मिस्त्री तुकड्याबद्दल बोलला होता आणि खरं तेच बोलला होता. तिलाही ते कळत होतं. तरी ती चुलीपुढं बसून रडली.

वर्षं गेली. केसरबाईचा नवरा कंपनीत पक्का झाला, पेढे आले, शहाजादीनं खाल्ले. तिला स्वतःचं मूल झालं नाही. जैतूनची दुखणीखुपणी, शाळा, शिवण, लग्न सगळं तिनंच काढलं. हाक तीच होती आणि "आले" तेच होतं. पाटलांची गाडी मध्येमध्ये ब्रेकसाठी, रंगासाठी यायची. थर्मोस्टॅटसाठी मात्र कधी आली नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात शहाजादीच्या पोटात दुखू लागलं. तिनं अंगावर काढलं. एका दुपारी ती चुलीपुढंच कोसळली. गॅरेजात चालू स्थितीत लाल गाडी तेवढी होती. पाटील म्हणाले, "बघतोस काय? ने तिला पुण्याला." त्या गाडीत ती पहिल्यांदाच बसली.

दापोडीच्या पुलावर तिनं डोळे उघडले. "ह्यात त्यो बदली हाय का अजून?"

"कंचा?"

"माज्या पातेल्यात उकळलेला."

"हाय की. कदी हात बी लावावा लागला न्हाई."

"मग आता तरी त्याला ओरिजिनल म्हना," ती म्हणाली. वेदनेत ती काहीबाही बोलते आहे असं मिस्त्रीला वाटलं. त्यानं गाडी आणखी दामटली.

दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं विचारलं, "बाईंचं नाव?"

"मदिना," मिस्त्री एका दमात म्हणाला.

बाकावर टेकलेल्या शहाजादीनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. आणि मिस्त्रीला एकदम सगळं कळलं. पुलावरचं बोलणं कळलं, दारात आलेले ते कप आठवले. तो खिडकीकडे वळला तोवर मागच्या माणसांनी त्याला बाजूला सारलं होतं, आणि तिला आत न्यायला माणसं आली होती.

वॉर्डात नर्सनं हाक मारली, "मदिनाबाई." खाटेवरून बारीक आवाज आला, "आले."

"मी जाऊन सांगतो त्यास्नी," मिस्त्री म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. सवय हाय मला."

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. पहाटे ती गेली. कबरस्तानात नाव सांगायचं म्हणून त्यानं मनाशी घोकून ठेवलं होतं, पण तिथं त्याला कुणी विचारलं नाही.

पुढं पावसाळा सरल्यावर कुणाची तरी मोटार आली, थर्मोस्टॅट तपासायचा होता. मिस्त्रीनं तेच पातेलं चुलीवर ठेवलं, तुकडा दोऱ्यानं सोडला आणि वाकून बसला. माहेरी आलेली जैतून कोपऱ्यात कणीक मळत होती. पाणी तापलं. चकती उचलली गेली.

"शहाजादी," मिस्त्री आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, "उघडलं बघ."

जैतूनचे हात थांबले. खालाचं नाव बापाच्या तोंडून तिनं आजवर ऐकलं नव्हतं. मिस्त्री दाराकडे मान करून तसाच बसून राहिला. एवढ्या वर्षांत हाकेला ओ आली नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.