सासूबाईंनी गाळलेल्या ओळी

त्याचं खरं नाव पगाराचा कागद सोडला तर कुठेच वापरात नव्हतं. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत सगळे त्याला कात्री म्हणत आणि एव्हाना घरीदारीही तेच रूढ झालं होतं. काम होतं बोलक्या पुस्तकांच्या संपादनाचं. वाचणाऱ्याचा खोकला, घशातली खरखर, पान उलटल्याचा आवाज, चुकून दोनदा वाचलेलं वाक्य, हे सगळं छाटायचं आणि छाटल्याची खूण मागे राहू द्यायची नाही. शाळेत असतानाच त्याची नजर कमी होत गेली आणि कॉलेज संपेपर्यंत पुरती गेली. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, माझ्या कामाला कान लागतात आणि एक बरी खुर्ची लागते, दोन्ही आहेत.

काम चालायचं घराच्या मागच्या खोलीत. खिडकीला जाड पडदा, भिंतींना फोमचे तुकडे, टेबलावर कॉम्प्युटर, आणि आवाजासाठी बाहेरून जोडलेली एक वेगळी पेटी. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्याला बोलून दाखवायचा, इतक्या वेगाने की ऐकणाऱ्या पाहुण्याला वाटावं, आत दोन माणसं भांडतायत. त्या कॉम्प्युटरच्या पोटातून एके दिवशी टक् असा आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा टक्. बायकोने कान लावून पाहिलं, तिला काही ऐकू आलं नाही. पण कात्रीच्या मनात पाल चुकचुकली. हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. त्याने सगळी ध्वनिमुद्रणं दुसरीकडे उतरवून ठेवली, दुकानातून नवी डिस्क मागवली, आणि नव्या डिस्कवर पहिल्यापासून सगळी सिस्टम बसवायची ठरवली.

हे काम त्याने आधीही केलं होतं, पण तेव्हा बायको शेजारी असायची. अडचण अशी, की सिस्टम पूर्ण बसेपर्यंत ती आवाजाची पेटी जागीच होत नसे. तोवर कॉम्प्युटर मुका. त्या वेळात पडदा वाचायला कुणीतरी डोळस माणूस लागायचं. बायको लिफ्टची तपासणी करणारी. तिचं वाचन तिच्या अहवालांसारखंच, कोरडं आणि नेमकं. पण ती या खेपेला प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेली होती. आणि ती नसताना जावयाची आबाळ नको म्हणून सासूबाई राहायला आल्या होत्या.

सासूबाई निवृत्त नर्स. सारा जन्म वॉर्डात गेलेला. चालणं रबरी, बोलणं मऊ. कात्रीला स्वयंपाक उत्तम येत होता, पण तो ओट्याकडे वळला की त्या आधीच तिथे असायच्या. तो "आई, मी करतो ना" म्हणायचा, त्या "बसा तुम्ही जावईबापू" म्हणायच्या, आणि असं दोघं एकमेकांना अदबीने कोपरखळ्या मारत दिवस ढकलत होते. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण दोघांच्यात एक पातळसा पडदा होताच. वाईट काही नव्हतं, पण जवळचंही काही नव्हतं.

अर्धवट राहिलेलं एक पुस्तक आठवड्याअखेर द्यायचं होतं. बायकोची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. कात्रीने आधी फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून पाहिला, पण चकाकीत फोन काहीबाही बरळत होता. शेवटी त्याने सासूबाईंना विचारलं, जरा वाचून दाखवाल का. त्यांनी लगेच ओट्यावरची कणीक झाकली, हात धुतले, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून अशा बसल्या, जणू कुणाला सलाईन लावायचंय.

सुरुवात झकास झाली. कात्रीने कॉम्प्युटरचं झाकण उघडून नवी डिस्क बोटांनी चाचपत जुनीच्या खालच्या खणात बसवली, वायर जोडली, सिस्टम उतरवलेला पेन ड्राइव्ह लावला. सासूबाईंनी भाषा कुठली, कीबोर्ड कुठला ते वाचलं. अटींचं लांबलचक पान आलं तेव्हा त्या पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या; त्याने हसत सांगितलं, हे जगात आजवर कुणी वाचलेलं नाही. मग डिस्क निवडायचं पान आलं. कोणती कोणती नावं दिसतात, त्याने विचारलं. मोठी नवी डिस्क दिसतेय, त्या म्हणाल्या. त्याने तीच निवडायला सांगितली, त्यांनी निवडली, पुढे जा म्हटलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या, "थोडं थांबा म्हणतोय."

ते थांबले. कात्री बोटांनी टेबलावर ठेका धरून बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, आता? त्याला जरा जड जातंय, त्या म्हणाल्या, पण होईल. आणखी वेळ गेला. कॉम्प्युटरचा पंखा एकसुरी फिरत होता. डिस्क भरत असताना एक बारीक कुरकुर ऐकू येते, ती कुठेच नव्हती.

त्याने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा भाषा, पुन्हा कीबोर्ड, पुन्हा तिथेच येऊन गाडी अडली, आणि सासूबाईंचं पुन्हा "दम घेतोय बिचारा." त्याने वायर बदलली. मेमरीची पट्टी काढून, रबराने घासून परत बसवली. बायकोच्या लॅपटॉपवर बसून पेन ड्राइव्ह नव्याने तयार केला, कारण पहिला खराब उतरला असेल अशी शंका. दुपारचं जेवण दोघांनी तिथेच ताट मांडीवर घेऊन उरकलं. पाचव्यांदाही तेच झालं तेव्हा मात्र त्याने हात टेकले. दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, पडद्यावर नेमके शब्द काय आहेत ते सांगा, त्याशिवाय मी काय डोंबल सांगणार.

नेमके शब्द. कात्रीने फोन ठेवला आणि सासूबाईंना विनंती केली, शेवटचा संदेश परत एकदा सावकाश वाचा.

त्यांनी वाचायला घेतलं. सेटअपला, असं म्हणाल्या, आणि मग अर्ध्या श्वासाएवढी जागा गेली, आणि मग म्हणाल्या, थोडी अडचण आहे, पुन्हा प्रयत्न करा.

त्या अर्ध्या श्वासाने त्याचे कान टवकारले. दिवसभर हेच त्याचं काम. सुरू झालेलं वाक्य आणि संपलेलं वाक्य एकच नसेल तर मध्ये सांधा ऐकू येतो, मग तो यंत्राने जोडलेला असो की माणसाने.

"आई," तो म्हणाला, "मध्ये काहीतरी गाळलंत तुम्ही."

 सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"जमलं नाही असं लिहिलंय हो त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "लाल अक्षरात. तुम्ही सकाळपासून एवढे खपताय. मला ते तुमच्या तोंडावर म्हणवेना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्याच खेपेला तसं लिहून आलं होतं. जिथे चाललंय म्हणून त्या सांगत होत्या तिथे काहीच चाललं नव्हतं. वॉर्डात त्यांनी कधी कुणाला वाईट बातमी सांगितली नव्हती. ते काम डॉक्टरांचं. नर्सने उशी सारखी करायची, पाणी द्यायचं आणि होईल बरं म्हणायचं. इतक्या वर्षांत जीभ अशी वळली होती, की घरातही त्यांच्या तोंडून वाईट बातमी निघत नसे. त्यांची मुलगी कोरडी का बोलते, याचा कात्रीला तेव्हा पहिल्यांदा अंदाज आला. घरात कुणीतरी एकाने तरी खरं सांगायला हवं होतं.

त्याला राग यायला हवा होता. पण कॉम्प्युटरची उशी सारखी करणाऱ्या सासूबाई त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि तो खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसला. सासूबाई आधी बावरल्या, मग त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून, हे त्याला आवाजावरून कळलं.

"आता जे लिहिलंय ते वाचा," तो म्हणाला. "गोड करू नका. मी काही पेशंट नाही."

त्यांनी चष्मा चढवला आणि शब्दन् शब्द वाचला. सेटअपला नवा सिस्टम विभाग तयार करता आला नाही आणि आधीचा सापडलाही नाही. मग त्याने डिस्क निवडायच्या पानावर परत नेऊन तिथलंही सगळं वाचायला सांगितलं. तिथे आणखी तीन ओळी निघाल्या. सगळ्यात वर जुनी डिस्क, तिचे लहानमोठे तुकडे. त्या ओळी आजारी दिसत होत्या म्हणून वगळल्या, सासूबाई म्हणाल्या. एकीच्या पुढे तर उद्गारचिन्ह होतं.

कात्रीने कपाळावर हात मारला, पण चूक स्वतःचीच होती. जुनी डिस्क त्याने काढलीच नव्हती. ती वरच्या खणात तशीच जोडलेली होती आणि कॉम्प्युटरच्या हिशेबी तीच पहिली. सिस्टम नव्या डिस्कवर बसायला निघत होती, पण सुरुवातीचा भाग ठेवायला आधी थोरलीचं दार ठोठावत होती. थोरली अंथरुणाला खिळलेली, ती दार उघडणार कुठून? धाकटीला थेट विचारावं असं कॉम्प्युटरच्या मनातही आलं नव्हतं.

त्याने वीज बंद केली, झाकण उघडलं, वरच्या खणातल्या डिस्कची वायर उपसली आणि डिस्क बाहेर काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती एका टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवली. पुन्हा भाषा, पुन्हा कीबोर्ड. या वेळी डिस्कच्या पानावर एकच ओळ होती आणि ती त्यांनी वाचली, पुढे उद्गारचिन्ह नाही हेही सांगितलं. पुढे जा म्हटल्यावर लगेच पोटातून ती बारीक कुरकुर सुरू झाली. कात्रीचा जीव भांड्यात पडला.

आता खरोखरच थांबायचं होतं. सासूबाई आकडे वाचत होत्या. नऊ टक्के. अकरा. आकड्यांच्या मध्ये बराच वेळ मिळत होता.

"एवढं माझ्यापासून लपवलंत," कात्री थट्टेने म्हणाला, "तर आणखी काय काय गाळलंय?"

त्यांनी जरा विचार केला. तुमचा निळा शर्ट खांद्यावर उसवलाय, त्या म्हणाल्या, आल्या दिवसापासून बघतेय. भाजीत तुम्ही मीठ जास्त घालता. तेवीस टक्के. 

"आणि लग्नाला मी आधी नको म्हणाले होते. तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही मला हो म्हणून सांगितलंत ना, त्या होच्या आधी श्वास अडकला होता."

"आणि तरी काही बोलला नाहीत?"

"बोलून काय करणार? तेवढं छाटलं आणि हो ठेवून घेतलं."

सासूबाईंनी नाक शिंकरलं. वॉर्डातल्या सवयीने हळूच, पण त्याला ते लख्ख ऐकू आलं. मग त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एकोणचाळीस टक्के. आणि लाल काही नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत कॉम्प्युटरला वाचा फुटली. आवाजाची पेटी खुट् करून जागी झाली आणि पडद्यावरचं सगळं भडाभडा बोलायला लागली. सासूबाई दचकल्या. एवढ्या घाईत तर आमच्याकडे ऑपरेशन थिएटरातही कुणी बोलत नसे, असा शेरा त्यांनी मारला. पुस्तक वेळेत गेलं. बायको परत आली तेव्हा आई जावयाला भाजी खारट झाल्याचं तोंडावर सांगत होती आणि तो मग तुम्ही करा म्हणत होता. ती बॅग हातात धरून दारातच उभी राहिली.

सासूबाई नंतर आपल्या घरी गेल्या, पण गोष्ट कात्रीच्या मित्रमंडळींत पसरली. त्यातल्या बऱ्याच जणांना दिसत नव्हतं आणि सगळ्यांचीच कधी ना कधी मुक्या कॉम्प्युटरशी गाठ पडायची. एका टेलिफोन ऑपरेटरने भीत भीत विचारलं, तुझ्या सासूबाई माझाही पडदा वाचतील का. सासूबाई चष्मा पर्समध्ये टाकून बसने गेल्या. दुपारी ऑपरेटरचा कात्रीला फोन आला. काम झालं होतं. पण बाईंनी सगळंच्या सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला, अटींचं अख्खं पानसुद्धा, आणि मध्ये थांबू देत नव्हत्या.