लंगडा आर

व्हर्ना स्टकी एका जागी स्वस्थ बसलेली मी, तिचा शेजारी, कधी पाहिली नाही. नेब्रास्कातलं आमचं गाव ते केवढं, पण बाईच्या पायाला भिंगरी.

तिचा नवरा रोस्को छापखानेवाला. जत्रेची, घोड्यांच्या खेळांची पोस्टरं तो लाकडी अक्षरांनी छापायचा. काळी, धिप्पाड, पायात चौकोनी बूट घातल्यासारखी अक्षरं, रस्त्यापलीकडून वाचता यायची. तरुणपणी व्हर्नाला ओमाहा शहरात राहायला जायचं होतं. रोस्को ऐकेना, तेव्हा तिने हाताला आलेलं लाकडी इंग्रजी अक्षर, 'आर', त्याच्यावर भिरकावलं. रोस्को वाचला, आरच्या पायाचा टवका उडाला. रोस्कोने नवा आर काही घेतला नाही. "राहू दे. मी कुणाशी संसार करतोय ते गावाला कळू दे," म्हणायचा. पुढची सगळी पोस्टरं त्या लंगड्या आरनेच छापली, आणि व्हर्नाही कुरकुरत इथेच राहिली.

मग ओमाहाहून एक मुलगी आली. तिने ती पोस्टरं पाहून कॉम्प्युटरसाठी हुबेहूब तशी अक्षरं तयार केली, मोडक्या पायासकट. हल्ली जुनं दिसणारं सगळ्यांना हवंच असतं. बिअरचे डबे, न्हाव्याची पाटी, लग्नपत्रिका, जिकडेतिकडे तो आर. रोस्को गेल्यावर मी व्हर्नाला बाजारात न्यायचो, तर ही बया लोणच्याच्या बरण्या फिरवून लेबलांवर तो आर शोधत बसायची.

"लाइल, हा बघ! हा मी मारलेला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी तिला झोप नव्हती. रोस्कोच्या थडग्यावर त्याचं नाव याच अक्षरांत हवं, आणि 'मेमोरियल डे'ला गाव फुलं घेऊन यायच्या आत हवं, एवढा एकच ध्यास.

शेवटी दगड तयार झाला. मी तिला घेऊन गेलो. पाथरवट कुबिकने मोठ्या कौतुकाने कापड ओढलं. उठावाची अक्षरं, एकूण एक धडधाकट.

"मिसेस स्टकी, त्या आरचा पाय तुटका होता. मीच नीट करून टाकला. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

व्हर्ना दगडाभोवती दोनदा फिरली.

"हा कोण?"

"म्हणजे?"

"हा माझा रोस्को नव्हे. हा कुणीतरी बिनलग्नाचा दिसतोय."

तिने बाकावरची छिन्नी आणि हातोडा उचलला. कुबिक धावला. "अहो, ग्रॅनाइट आहे! भलतीकडे तडा गेला तर सगळा दगड फुकट!"

"लाइल, याला धर."

कुबिकला धरला. काय करणार? दुसऱ्या घावाला टवका उडाला आणि माझ्या बुटावर येऊन पडला. बाकी दगड शाबूत.

व्हर्नाने हातोडा टाकला आणि दगडाशेजारच्या पालथ्या बादलीवर बसली. मी गाडी सुरू केली, हॉर्न दिला, हाका मारल्या.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "मला कुठे जायचं नाहीये."