वाढलेली थप्पी

आमच्या डाळ मिलमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावला मोठी गिरणी, धुळ्याला लहान गिरणी आणि तिच्या मागे तुरीचं गोदाम, असा आमचा पसारा होता. मी हिशेब खात्यात मुख्य कारकून होतो. वय बेचाळीस, घर मिलच्याच आवारातल्या दोन खोल्यांत. शेठजींनी कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे दिलं आणि त्याचं कारणही सरळ सांगितलं.

"तुम्ही भांडता फार, पण बेरीज चुकत नाही."

काम सांगायला सोपं होतं. रोज सकाळी आठ वाजता शेठजींच्या टेबलावर एक कागद हवा. काल दोन्ही गावांत किती पोती आली, किती गेली, आज किती शिल्लक आहेत. पूर्वी हाच ताळा मी महिन्यातून एकदा करायचो आणि तो पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला पुरा व्हायचा. तोवर शेठजींना धुळ्यातल्या तुरीबद्दल अंदाजच बांधावा लागायचा.

यंत्रासाठी एक खोली थंड केली. सगळ्या आवारात तेवढी एकच खोली थंड, त्यामुळे उन्हाळ्यात हमालसुद्धा काहीतरी कारण काढून तिच्या दारात उभे राहात. आत एक ऑपरेटर बाई बसत. धुळ्याच्या गोदामातून रोज संध्याकाळच्या एसटीने चिठ्ठ्या येत. त्या वाचून बाई आकडे भरत. पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. कोणत्या आकड्याला कोणता रकाना, हे मी ठरवून दिलं होतं. आवक, जावक, तूट आणि वाढ, असे चार रकाने. वाढ कशासाठी, तर फाटकी पोती उसवून पुन्हा भरली की कधी एखादं पोतं जास्त निघतं. ते कुठे दाखवायचं, म्हणून.

जुनी वही आणि यंत्र तीन महिने शेजारी शेजारी चालवू, असं मी म्हटलं होतं. शेठजींनी एक महिना दिला. त्या महिन्यात एका पोत्याचासुद्धा फरक आला नाही. वही दोरीने बांधून माळ्यावर गेली. तो महिना हंगामाचा होता, गोदाम भरत होतं, आणि संपूर्ण महिन्यात पोत्यांची एकही थप्पी रिकामी झाली नव्हती. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. भरत्या गोदामात घेतलेली परीक्षा ही अर्धीच परीक्षा असते.

मग मला कागदाची सवय लागली. कडेला भोकं असलेला तो लांब कागद, सरळ ओळीतले आकडे, खाली एकूण. मी एकूण तपासायचो आणि 'तपासले' असं लिहून सही करायचो. चिठ्ठ्या बघणं केव्हा बंद झालं ते मला सांगता येणार नाही. शेठजींनीही धुळ्याला फोन करणं सोडलं. "आता विचारायचं काय? कागद समोर आहे," असं ते आल्यागेल्याला सांगत. दर शनिवारी एक प्रत इंदूरला त्यांच्या थोरल्या भावाकडे जाई. यंत्र घ्यायला थोरल्या भावाचा विरोध होता.

श्रावण संपताना शेठजींनी कागदावर विसंबून चोपड्याच्या एका व्यापाऱ्याला सहाशे पोती तूर कबूल केली. ट्रक धुळ्याला गेले आणि रिकामे परत आले. कागद म्हणत होता, सहाशे वीस पोती शिल्लक. गोदामात एकही नव्हतं.

गोदाम सांभाळणारे आबा सोनगीरचे. सत्तावीस वर्षं किल्ल्या त्यांच्याकडे. शेठजींच्या पुतण्याने हमालांच्या देखत त्यांची झडती घेतली, किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना फाटकाजवळ बसवून ठेवलं. आठवड्याने शेठजींनी मला कागदांचा गठ्ठा देऊन धुळ्याला पाठवलं. आबांकडून लेखी कबुली आणायची होती. कबुली दिली तर फक्त नोकरी जाईल, नाही दिली तर पोलिसात तक्रार.

पारोळ्याच्या पुढे बसमध्ये मी कागद मांडीवर घेतले. फरक आला की तो आधी दोनने भागून बघायचा, ही आम्हा हिशेबवाल्यांची सवय. आकडा चुकीच्या बाजूला गेला तर फरक दुप्पट दिसतो. सहाशे वीसचे अर्धे तीनशे दहा. मी रकाने उतरत गेलो. वाढीच्या रकान्यात, तीन आठवड्यांत, सहा ठिकाणी मोठे आकडे होते. चाळीस, पासष्ट, बावन्न, अडतीस, सत्तर, पंचेचाळीस. बेरीज तीनशे दहा.

फाटक्या पोत्यांतून चाळीस पोती जास्त निघत नाहीत. शाळेतल्या पोरालाही ते दिसलं असतं. त्या सहाही कागदांवर माझी सही होती.

आबा फाटकाजवळ दगडावर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"बसा भाऊ. खुर्ची नही शे. खुर्ची किल्ल्यास्नासंगे गयी."

मागून एक हमाल म्हणाला, "सायेब, तूर मशिननी खादी का, ते पहिले इचारा."

मी आबांकडे चिठ्ठ्यांचं कार्बन लावलेलं पुस्तक मागितलं. ते त्यांनी पिशवीतच ठेवलं होतं. पहिली तारीख काढली. निळसर अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: थप्पी तीन. पोती चाळीस. वाढली.

मी चाळीसगावचा. आमच्या घरी तांदूळ कधी संपले नाहीत, ते वाढले. आई दिवा विझवत नसे, वाढवत असे. आणि तरी मी वाढ नावाचा रकाना केला होता.

"आबा, ही थप्पी संपली होती ना?"

"मंग? वाढी गयी ना ती. बठ्ठी. एक पोतं नही राह्यनं."

"संपली असं का नाही लिहिलं?"

मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलो असल्यासारखं आबांनी माझ्याकडे पाहिलं. "भरेल गोदाममा तसं लिखतस का भाऊ? सत्तावीस वरीस वाढी गयी असंच लिखस मी. तुम्हीच वाचेत ना."

खरं होतं. वही होती तोवर मीच वाचत होतो, आणि वाढली वाचून जावकीत घालत होतो. इतकं सहज की ते मी करतो हेच मला माहीत नव्हतं. म्हणून ते मी यंत्राला सांगितलंच नाही. ऑपरेटर बाईंनी वाढली वाचलं आणि वाढीत भरलं. त्यांची काय चूक? गेलेली पोती यंत्राने आलेली धरली, आणि प्रत्येक थप्पी शून्य होण्याऐवजी दुप्पट झाली. धुळ्याच्या गिरणीने किती तूर भरडली हा आकडा पुढच्या टप्प्यात घ्यायचा ठरला होता. तो असता तर पहिल्याच दिवशी चूक सापडली असती.

मी आबांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"म्हंजे मी चोर नही," ते म्हणाले.

"नाही."

"हाई माले माहीत व्हतं. शेठले सांगा."

मी त्याच दिवशी शेठजींना सांगितलं. ते आधी हसले. "अहो, आमचे बापूजी रोज संध्याकाळी दुकान वाढवतात. त्या हिशेबाने एव्हाना आमची हजार दुकानं झाली असती." मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी इंदूरला गेलेल्या कागदांची फाइल काढली आणि बराच वेळ चाळली.

"आबांना किल्ल्या परत द्या," ते म्हणाले. "त्यांना कोणी काही बोलायचं नाही. पण कागदावर एकदम सहाशे वीस कमी दाखवता येणार नाही. इंदूरहून थोरले भाऊ यंत्र उचलून न्यायला सांगतील. रोज वीस वीस पोती तूट लिहा. महिन्याभरात कागद आणि गोदाम एक होतील."

"शेठजी, एका ओळीचं काम आहे. नोंदीची चूक, सहाशे वीस पोती, आणि खाली माझं नाव. चूक माझीच आहे."

"तुमचं नाव लिहिलं तरी यंत्र मी आणलंय."

"पण तूट लिहिली तर ती आबांच्या गोदामाची तूट होते. रोज वीस पोती तूट येणाऱ्या माणसाला भाऊसाहेब काय म्हणतील?"

"ते मी सांभाळेन."

"आणि मी सही केली नाही तर?"

शेठजी रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं झालं असतं. "तर पुतण्या करेल," ते म्हणाले. "तो तूट लिहील की चोरी, ते मला सांगता येत नाही."

घरी मी बायकोला हे सांगितलं. तिने विचारलं, "मग नोकरी सोडणार का?" मोठी मुलगी दहावीत होती. दोन खोल्या मिलच्या. मी जुनी वही बंद केल्यापासून माझ्या हातात वेगळं कामही राहिलं नव्हतं. माझी सगळी किंमत आता त्या कागदावर होती. यंत्र गेलं तर ऑपरेटर बाई जाणार, आणि बहुधा मीही. मी बायकोला म्हटलं, "बघू." तिला त्याचा अर्थ कळला.

रकान्याचं मी दुसऱ्याच दिवशी निस्तरलं. वाढ हा रकाना काढून टाकला. थप्पी रिकामी झाली की चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, बाईंनी धुळ्याला फोन करून विचारायचं, असं ठरवलं. यंत्राला एवढं सांगायला अर्धा तास लागला. त्या संध्याकाळी कागद निघाला. धुळे, तूट, वीस. मी एकूण तपासलं. एकूण बरोबर होतं. मी सही केली.

चौथ्या दिवशी किल्ल्या घेऊन मी धुळ्याला गेलो. किल्ल्या पुढे केल्या तर आबांनी हात पुढे केला नाही.

"घेतल्या तव्हय हमाल व्हतात," ते म्हणाले.

मी हमालांना बोलावलं. अकराजण गोळा झाले. गोदामाच्या ओट्यावर उभं राहून मी सांगितलं की तूर चोरीला गेली नव्हती, चिठ्ठी बरोबर होती, रकाना मी चुकीचा केला होता. असं चारचौघांत बोलायची मला सवय नाही. आवाज लहान निघाला. तो मागचा हमाल म्हणाला, "जोरात बोला सायेब, मशिनले ऐकाले नही ऊनं." सगळे हसले, आबाही थोडे हसले, आणि त्यांनी किल्ल्या घेतल्या.

मला वाटलं काम झालं. पण हमाल पांगल्यावर आबांनी मला आत नेलं, खुर्ची झटकून दिली आणि विचारलं, "कागदवर काय लिखेल शे मन्हा गोदामपुढे?"

ठीक लिहिलंय, असं म्हणता आलं असतं. कागद इंग्रजीत होता, त्यांना वाचता आला नसता. मी म्हटलं, "तूट. रोज वीस पोती. एकतीस दिवस."

त्यांनी कोऱ्या पानाखाली कार्बन घातला. मग त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "मराठीमा लिखी द्या. तूट खोटी शे म्हनीसन."

मी त्या वेळी खूप गोष्टींचा हिशेब केला. हा कागद इंदूरला गेला तर मी शेठजींच्या विरुद्ध साक्ष दिली असं होईल. शेठजींनी तो पाहिला तर त्याच दिवशी दोन खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. न लिहिला तर उद्या आबांकडे दाखवायला काहीच नाही. मी लिहिलं. सहाशे वीस पोत्यांचा फरक नोंदीतल्या चुकीचा आहे, गोदामात तूट नाही, दाखवली जाणारी तूट खोटी आहे. सही केली.

आबांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "झडती हमालस्ना देखत लीधी, तेबी लिखा." मी तेही लिहिलं. त्यांनी पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. कार्बनची प्रत पुस्तकातच राहू दिली.

"हाऊ कागद मी कोनले दखाडाव नही," ते म्हणाले. "माले कोनी इचारं तरच."

मला दिलासा वाटायला हवा होता. तेव्हापासून मी दोन कागदांच्या मध्ये होतो. एकावर रोज सही करायची, दुसऱ्यावर करून बसलेलो.

"उद्या किती लिखशात?" आबांनी विचारलं.

"वीस."

"लिखा," ते म्हणाले, आणि गोदाम उघडायला उठले.