मंदाताईंची सोलो कॅसेट

लासूर स्टेशनच्या बँड पार्टीत मी क्लॅरिनेट वाजवायचो. चार बँडवाले चहाला बसले की किस्से निघतातच, आणि आमच्याकडे त्यातले निम्मे गायिकेचे, म्हणजे मंदाताईंचे असतात.

एका वरातीत मुंबईचा रॉकस्टार विकी पाहुणा म्हणून आला होता. खांद्यापर्यंत केस, गुडघ्यावर फाटलेली जीन्स. ताईंचा आवाज ऐकला आणि नवरदेवाला सोडून तो आमच्या स्पीकरच्या गाडीमागं चालू लागला.

"तुमची कॅसेट मी काढतो," म्हणाला. "फक्त तुमची. बँड नको."

ताई त्याच्या गुडघ्याकडे बघत म्हणाल्या, "काढू की. आधी बसा, सुईदोरा हाय माझ्याकडं."

*

त्या दिवसापासून आम्हाला एकच काळजी. कॅसेट चालली तर ताई परत कशाला येतील? ढोलवाले नामदेवमामा तर ताईंना रोज ऐकवायचे, "एसीत गळा लई बसतो म्हणं."

*

स्टुडिओत ताईंना एका जागी उभं राहून गाताच येईना. जन्म चालत गाण्यात गेलेला. अंतऱ्याला त्या दारापाशी आणि माइक मागेच! शेवटी विकीनं माइक त्यांच्या हातात दिला आणि स्वतः वायर सावरत मागेमागे फिरला.

*

एकदा खिडकी उघडी राहिली आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ताई गाणं थांबवून भिंतीला खेटून उभ्या.

"जाऊ द्या त्याला," म्हणाल्या, "मग धरू."

*

प्रत्येक गाण्याआधी त्या सवयीनं वधूवरांना शुभेच्छा द्यायच्या. विकी वैतागला. "ताई, इथं नवरदेव कोण आहे?"

"तुमचं बी होईल. धीर धरा."

*

कॅसेटचं प्रकाशन शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये होतं. हा निरोपच, असं समजून आम्ही ताईंना वाजतगाजत नेलं आणि दारात थांबलो. बँड मांडवाच्या दारापर्यंतच जातो. ताई एकट्या आत गेल्या. फार वाईट वाटलं.

स्टेजवर विकीनं गिटार छेडली. ताईंनी मागं वळून पाहिलं, आम्ही दिसलो नाही. त्या खाली उतरल्या आणि सगळा हॉल ओलांडून दारात आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"वाजवा की," म्हणाल्या.

नामदेवमामा डोळे पुसत होते, त्यांना ढोलाचं टिपरू सापडेना. आत लोक खुर्च्या फिरवून दाराकडे तोंड करून बसले. विकी गिटार घेऊन धावत आला आणि ताईंच्या शेजारी उभा राहिला.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"तिथं नाय, भाऊ. तुम्ही ढोलाच्या मागं."